हिंदुरावांच्या वहीतला सूर्य

कळस गावात हिंदुरावांना कुणी वेल्डर म्हणत नाही. चौतीस वर्षं साखर कारखान्यात बॉयलरच्या नळ्या जोडून माणूस निवृत्त झाला, पण गावानं नाव ठेवलं ते भलतंच, सूर्याचा तलाठी. तलाठी जशा शेताच्या नोंदी ठेवतो तशा हे गृहस्थ रोज सूर्याच्या नोंदी ठेवतात, म्हणून. नावं ठेवण्यात आमच्या इंदापूर तालुक्याचा हात कुणी धरू शकणार नाही. हिंदुरावांनी मात्र कधी राग मानला नाही. ते एवढंच म्हणत, तलाठ्याच्या वहीत एखादी खाडाखोड निघेल, माझ्या वहीत निघायची नाही.

या नोंदींची सुरुवात देवभक्तीतून झाली असं कुणाला वाटत असेल तर ते चूक आहे. सुरुवात झाली एका काचेमुळं. २००३ सालचा ऑक्टोबर होता. दिवाळी नुकती सरलेली, गळीत हंगाम तोंडावर आलेला आणि कारखान्यात बॉयलरच्या दुरुस्तीची नुसती धांदल चाललेली. स्टोअरमधून वेल्डिंगच्या नव्या काळ्या काचा आल्या होत्या, सगळ्यांत गडद चौदा नंबरच्या. काचेत कुठं चीर किंवा बुडबुडा नाही ना, हे बघायला हिंदुरावांनी ती डोळ्यासमोर धरली आणि तोंड सूर्याकडे केलं. हिरवागार सूर्य दिसला. त्यावर दोन काळे डाग होते.

त्यांनी काच सदऱ्याला पुसली. डाग तसेच. दुसरी काच घेतली, तिच्यातही तेच. मग आपली जुनी, आठ वर्षं वापरलेली काच काढली, तिच्यातही दोन डाग, त्याच जागी. तीन काचांना एकच डाग पडत नसतो, हे कळायला कॉलेजात जावं लागत नाही. बॉयलरच्या फळीवर उभे हिंदुराव तिन्ही काचा पुन्हापुन्हा डोळ्याला लावत राहिले. ज्याला रोज अंघोळ झाली की हात जोडायचे, त्याच्या तोंडावर डाग. खालून रामहरी फोरमन ओरडत होता की हिंदुराव, झोप लागली काय वरच. त्यांना ते ऐकूच आलं नाही.

पुढच्या सुट्टीला त्यांनी बारामती गाठली. तिथल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारे श्रीपाद सर म्हणून होते, तेव्हा तरुण, किडकिडीत, बोलताना खडू हातात नसला तरी हवेत लिहिणारे. कारखान्याच्या कपड्यांतला माणूस सूर्याच्या डागांची चौकशी करत दारात उभा राहिलेला पाहून सरांना काय आनंद झाला म्हणून सांगू. त्यांनी सांगितलं की ते डाग म्हणजे सूर्यावर चुंबकत्वाच्या जिथं गाठी पडतात त्या जागा, आणि तुम्ही पाहिलेल्या त्या दोन ठिपक्यांत आपल्यासारख्या कैक पृथ्व्या मावतील. हिंदुराव हे ऐकून परत आले, ते पुन्हा सरांकडे जाण्यासाठीच.

मग सरांनीच त्यांना वाट दाखवली. पुण्याहून एक लहान दुर्बीण आणवली. तिच्यातून सूर्याकडे डोळा लावून कधीच बघायचं नाही, डोळा जळून जाईल. नळी सूर्याकडे रोखायची आणि तिच्या मागच्या तोंडातून निघणारा सूर्य कागदावर पाडायचा. हिंदुरावांनी कारखान्याच्या भंगारातून स्टँड जोडला, सहा इंची लोखंडी कडी बनवली, तिनं वहीत गोल काढायचा आणि त्यात सूर्य नेमका बसवून पेन्सिलीनं डाग उतरवायचे. सरांनी एकच नियम घातला होता. दिसेल ते काढायचं, ठाऊक असेल ते नाही. नोकरी होती तोवर पाळीप्रमाणं कधी सकाळी, कधी दुपारी, आणि निवृत्तीनंतर रोज भर दुपारी, असं हे काम बावीस वर्षं चाललं. एकतीस वह्या भरल्या. आभाळ भरलं असेल त्या दिवशी नुसतं 'ढग' लिहायचं, पण पान सोडायचं नाही.

या कामात दुसरा माणूस एकच, त्यांची बायको कुशाबाई. पेन्सिल टेकली की अंगणातून हिंदुराव ओरडत, "किती?" आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या घड्याळात बघून कुशाबाई आतून वेळ सांगत. घड्याळ त्या रोज सकाळी रेडिओच्या ठोक्यांवर मिळवून ठेवत. दोन गाईंचं दूध, चूल, शेणघाण, रानातली भांगलण, एवढ्या रगाड्यात ही एक वेळ सांगायची, सांगितली की विषय संपला. काही घरांत नवराबायकोचं याहून जास्त बोलणं होत नाही, तेव्हा कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आता हिंदुरावांचा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं उमगायचं नाही. बॉयलरचं जोडकाम झालं की पाणी भरून दाब देतात आणि सांधे तपासतात. एका हंगामात हिंदुरावांच्या एका सांध्यातून केसाएवढी धार लागली. साहेब म्हणाले, तेवढा सांधा परत मारा, बाकीचे ठीक आहेत. हिंदुरावांनी त्या दिवशी स्वतः केलेले अकराच्या अकरा सांधे कापून काढले आणि पुन्हा केले. त्यांचं म्हणणं असं की त्या दिवशी हात चुकला तो एकाच सांध्याला चुकला हे कशावरून. असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं, हे कुशाबाईंनी मला एकदा हसत हसत सांगितलं होतं.

त्यांचा डावा डोळा नोकरीच्या सुरुवातीलाच ठिणगीनं गेल्यात जमा होता, त्यातून नुसतं धूसर दिसे. सगळी मदार उजव्यावर. दोन वर्षांपूर्वी त्या डोळ्यासमोरही अधूनमधून काही लुकलुकायला लागलं, तेव्हा ते बारामतीला योगिनी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा पडदा थकलाय, वाचता-लिहिता येईल, पण कधीकधी उजेडाचे ठिपके दिसतील. ते खरे नसतात, घाबरू नका. हिंदुराव घाबरले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं की खरे कुठले आणि खोटे कुठले हे ओळखायचं कसं.

आणि मग ती आखिती आली. आखिती म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावानं पाण्याची घागर पुजायची, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा, आणि तोही बाराच्या आत. कुशाबाई ताट वाढून बसल्या होत्या. हिंदुराव अंगणात दुर्बिणीला चिकटलेले. वैशाखातला सूर्य थेट डोक्यावर, त्यामुळं नळी उभी सरळ आणि कागद खाली जमिनीलगत, त्याच्यापाशी ते उकिडवे बसून डाग उतरवत होते. त्या दिवसांत सूर्यावर डागांची नुसती जत्रा भरलेली. त्यातला एक घोळका एवढा मोठा की तोच काढायला अर्धा तास लागला. आतून दोनदा हाका आल्या, त्यांनी हूं म्हटलं आणि हलले नाहीत.

तेवढ्यात त्या काळ्या घोळक्यात दोन पांढरे ठिपके उमटले. सूर्याच्या बिंबाहून पांढरे. बारीक, लांबट, एकमेकांसमोर असे दोन. हिंदुरावांनी कागद हलवला, ठिपके कागदाबरोबर हलले नाहीत, सूर्यावर होते तिथंच राहिले. बावीस वर्षांत काळं सोडून त्यांनी सूर्यावर असलं काही पाहिलं नव्हतं. ते "किती?" म्हणून ओरडले, आतून तुटक आवाजात वेळ आली, त्यांनी वहीत लिहिली आणि ठिपके काढले. ते बघत असतानाच दोन ठिपके एकमेकांपासून जरा लांब सरकले, मंद झाले आणि विझले. सगळा मिळून चार-पाच मिनिटांचा खेळ.

ते जेवायला बसले तेव्हा चेहरा फुललेला होता. पोळीचा पहिला घास तोंडात घातला आणि डॉक्टरांचं बोलणं आठवलं. उजेडाचे ठिपके दिसतील, ते खरे नसतात. जे दिसलं ते सूर्यावर होतं की आपल्या डोळ्यात? दुसरा डोळा धड असता तर एक मिटून दुसऱ्यानं बघून खात्री केली असती. आता ते विझलं होतं आणि साक्षीला फक्त तोच डोळा होता, ज्याच्यावर खोटं बोलल्याचा आळ आधीच आलेला.

दोन दिवस कसेबसे काढून त्यांनी श्रीपाद सरांना फोन केला. रविवारी सर गाडी घेऊन आले. आता त्यांचे केस पिकलेत, पण हवेत लिहायची सवय तशीच आहे. कुशाबाई तेव्हा डेअरीवर दूध घालायला गेल्या होत्या. सरांनी वही उघडली, मांडीवर लॅपटॉप ठेवला आणि उपग्रहांनी त्या दिवशी सूर्याच्या केलेल्या नोंदी काढल्या. हिंदुराव समोर दाव्याचा निकाल ऐकायला बसल्यासारखे बसले.

सरांनी वही आणि लॅपटॉप दोनदा ताडून पाहिले. मग सावकाश म्हणाले, "हिंदुराव, त्या दिवशी त्या घोळक्यात भडका झालाय खरा. पण तो बारा एकविसाला उठला आणि सव्वीसला विझला. तुमची नोंद बारा चौदाची आहे. बारा चौदाला तिथं काहीच नव्हतं."

जागा जुळते की, असं हिंदुराव हळूच म्हणाले. सरांनी समजावलं की तुमची नजर त्याच घोळक्यावर खिळली होती, तेव्हा डोळ्यातला ठिपकाही तिथंच दिसणार. घड्याळ रेडिओवर मिळवलेलं, ते सात-आठ मिनिटं चुकायचं नाही. म्हणजे आधी डोळा लुकलुकला आणि मागून सूर्यावर भडका झाला, निव्वळ योगायोग. त्यांना हे बोलताना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. तुमच्या बाकीच्या वह्या मोलाच्या आहेत, हा एक दिवस सोडून देऊ, असं त्यांनी दोनदा सांगितलं. एक सांधा सोडून द्या, बाकीचे ठीक आहेत, असं कुणी हिंदुरावांना सांगावं आणि त्यांनी ते ऐकावं, हे होणं नव्हतं.

सर गेले आणि हिंदुरावांनी दुर्बीण जुन्या धोतरात गुंडाळून माळ्यावर टाकली. आज डोळ्यानं नसलेलं दाखवलं, तर दोन वर्षांत आणखी किती दाखवलं असेल? आणि दोनच वर्षं कशावरून? एकतीस वह्या त्यांनी कपाटाच्या तळाशी लोटल्या. ज्या साक्षीदारावर आपला भरवसा नाही त्याच्या तोंडून सूर्याची नोंद लिहायची नाही, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा पान कोरं राहिलं. मग दुसरं. मग तिसरं. दुपार झाली की ते अंगणात येत, हात मागं बांधून उभे राहत आणि परत आत जात. माणूस आठवड्यात वाळल्यासारखा दिसायला लागला.

नवव्या दिवशी कुशाबाई भाकरी थापत होत्या. बावीस वर्षांची सवय, हात पिठात असतानाच मान वर झाली आणि त्या बोलून गेल्या की साडेबारा झाले. अंगणातून कुणी विचारलंच नव्हतं. मग त्यांनी तवा उतरवला, हात पुसले आणि बाहेर येऊन नवऱ्याला सरळ विचारलं की सर काय बोलून गेले ते आज सांगितल्याशिवाय भाकर मिळायची नाही. हिंदुरावांनी सांगितलं. डोळा गेला, एवढंच म्हणून ते थांबणार होते, पण बाईनं सोडलं नाही, तेव्हा वेळेचंही सांगितलं. भडका बारा एकविसाचा आणि वहीत बारा चौदा.

"बारा चौदा तुमी आणलं कुठनं?" कुशाबाई म्हणाल्या. "म्या तुमास्नी बारा बावीस सांगितलं व्हतं."

हिंदुराव म्हणाले की वहीत चौदाच आहे, तुझी चूक होत असेल.

"माजी चूक? निवद बाराच्या आत दावायचा व्हता. तुमच्यापायी वाडवडील ताटाम्होरं बावीस मिनटं ताटकळलं. ती बावीस मिनटं म्या मरंस्तवर इसरायची न्हाय."

हिंदुरावांची बोटं आपोआप मोजायला लागली. बावीसातून आठ गेले की चौदा राहतात.

याचं मूळ कारखान्यात होतं. तिथं बिघाडाचं एक रजिस्टर असे आणि रामहरी फोरमनचा त्याबाबत दंडक होता. नळी फुटली कधी ते लिहायचं, तुला कळलं कधी ते नाही. कारण नळी फुटते रात्रपाळीत, कळते सकाळच्या पाळीला, आणि बोल बसतो भलत्याच माणसाला. म्हणून कळल्याच्या वेळेतून मागं हिशेब करून खरी वेळ काढायची. हिंदुरावांच्या हाडीमाशी हा दंडक खिळलेला. पुढं, पहिली वही सुरू करतानाच, श्रीपाद सरांनी सांगितलं होतं की सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे आपण बघतो तो आठ मिनिटांमागचा सूर्य. झालं. त्याच दिवसापासून हिंदुराव कुशाबाईंनी सांगितलेल्या वेळेतून आठ मिनिटं वजा करून लिहायला लागले. सूर्यावर घडलं कधी ते लिहायचं, कळसला कळलं कधी ते नाही. पहिले काही दिवस ते बोटं मोजून वजा करत. मग हात आपोआप वजा करू लागला, आणि आपण असं करतो हे त्यांचे तेच विसरून गेले. सरांना सांगायचं तर त्यांच्या डोक्यातच आलं नाही. यात सांगण्यासारखं काय, शहाणा माणूस असंच लिहिणार.

त्यांनी फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग सरांचा आवाज आला, आणि तो हसण्याचा होता की रडण्याचा ते कळेना. सात-आठ मिनिटांचा फरक समोर दिसत असताना माझ्या डोक्यात प्रकाश पडू नये, तीस वर्षं मी पोरांना हेच शिकवतोय, असं काहीतरी ते म्हणत होते. पृथ्वीजवळचे उपग्रहही उजेड पोचल्याचीच वेळ लिहितात; सूर्याची वेळ सूर्याच्याच हिशेबानं लिहिणारा माणूस त्यांच्या सगळ्या पुस्तकांत कुठं नव्हता, त्याला ते काय करणार. दीड तासात त्यांची गाडी दारात होती.

या खेपेला लॅपटॉप ओट्यावर मांडला आणि कुशाबाईही पदराला हात पुसत मागं उभ्या राहिल्या. सरांनी उपग्रहाचं चित्र काढलं. काळा घोळका, त्यात समोरासमोर दोन पांढरे लांबट ठिपके. शेजारी हिंदुरावांची वही ठेवली. कागदावरचा सूर्य उलटा पडतो, म्हणून वही फिरवली. ठिपके जुळले. त्यांच्यातलं अंतर जुळलं. ते कोणत्या बाजूला सरकले तेही बाणानं दाखवलेलं होतं, तेही जुळलं. हिंदुरावांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि तो बराच वेळ काढला नाही.

मग त्यांनी विचारलं की ते होतं काय.

सर ओट्याच्या कडेला बसले आणि हवेत लिहायला लागले. सूर्याभोवती आणखी एक वातावरण असतं, फार विरळ, आणि दिवसा आपल्याला न दिसणारं. खग्रास ग्रहणात चंद्रानं सूर्य पुरता झाकला की मोत्याच्या रंगाची झळाळी दिसते, तेच ते. नवल असं की सूर्याचा पृष्ठभाग सहा हजार अंशांच्या आसपास, आणि त्याच्या वरचं हे वातावरण दहा लाखांच्याही वर. चुलीपासून लांब जावं आणि चटका वाढत जावा, तसलं हे. का, ते अजून जगात कुणाला पुरतं उमगलेलं नाही. तिथं वायू इतका तापतो की त्याच्या अणूंचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात वीज. त्यालाच प्लाझ्मा म्हणायचं. डागांच्या जागेतून चुंबकत्वाचे पट्टे वर येतात, कमानीसारखे वाकतात, एकमेकांत पिळले जातात, ताण वाढत जातो. आणि एका क्षणाला दोन पट्टे तुटतात आणि नव्यानं, एकमेकांशी जोडले जातात. जोडले की ते ताणातून सुटून सरळ व्हायला बघतात, आणि त्यांच्यात अडकलेला प्लाझ्मा गोफणीतल्या दगडासारखा सुटतो.

सुटतो म्हणजे किती जोरात, ते हिंदुरावांनी विचारलं. सर म्हणाले, सेकंदाला हजार-बाराशे किलोमीटर. हिंदुरावांनी मनात हिशेब केला आणि हळू आवाजात म्हणाले की म्हणजे एक टाळी वाजवेस्तोवर कळसवरून दिल्ली. आणि असले अब्जावधी टन, सरांनी पुढं जोडलं. तसं सुटलेलं वर निघून जातं, वाट इकडची असेल तर दीड-दोन दिवसांत पृथ्वीवर येऊन थडकतं. ते तुम्हाला दिसलं नाही. त्याच झटक्यात काही कण त्याहूनही कितीतरी वेगानं खाली, कमानीच्या दोन्ही पायांवर येऊन आदळतात, आणि आदळतात तिथं सूर्यच क्षणभर जास्त पेटतो. ते तुम्ही पाहिलं. एका कमानीचे दोन पाय.

गोठ्यात गाईनं मान हलवली तेवढा घुंगरांचा आवाज झाला. हिंदुराव आपल्या दोन तळव्यांकडे बघत होते. मग त्यांनी सांगायला सुरुवात केली की बॉयलरच्या कोपऱ्यात, डीसी मशिनवर वेल्डिंग करताना रॉडच्या टोकाची ज्योत कधीकधी सरळ पडत नाही. वारा नसताना एका बाजूला पळते, फुरफुरते, जोड बिघडवते. नवशिके रॉडला शिव्या देतात. रामहरी फोरमननं शिकवलं होतं की दोष रॉडचा नाही, लोखंडात चुंबक साचतो, तो ज्योतीला ढकलतो. अर्थिंगचा चिमटा दुसरीकडं लावायचा, की ज्योत जागेवर येते.

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी हे वाचलेलं होतं, हातात कधी धरलं नव्हतं. "हिंदुराव, ती ज्योत म्हणजे प्लाझ्माच," ते म्हणाले. "सूर्याच्या पृष्ठभागाइतकी तापलेली. तिला तुमच्या कोपऱ्यात जे ढकलतं, तेच तिथं वर फेकतं. दुसरं काही नाही."

हिंदुरावांचे डोळे भरून आले. चौतीस वर्षं ते काळ्या काचेआडून त्या ज्योतीकडे बघत आले होते, तिला वळवत, तिच्यावर चिडत, तिच्या जिवावर घर चालवत. बॉयलरच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि पंधरा कोटी किलोमीटरवर एकच गोष्ट चालली होती, आणि दोन्हीकडं बघणारा डोळा हाच. त्यांनी ते तोंडानं बोलून दाखवलं नाही, मला नंतर सांगितलं. मोठं काही कळलं की माणसाला आधी लहान झाल्यासारखं वाटतं आणि मग मोठं, असं काहीसं ते म्हणाले.

सर उठता उठता म्हणाले की ही नोंद आता आपण नीट लिहून पाठवू, जगात अशा नोंदी थोड्या. सगळ्या वह्यांत आठ मिनिटं परत मिळवू, ते काम अवघड नाही. फक्त एक अडचण आहे. बारा बावीस ही वेळ वहीत नाही, ती सांगणारा माणूस वेगळा आहे. तेव्हा निरीक्षक म्हणून दोन नावं द्यावी लागतील. आणि त्यांनी कुशाबाईंकडे वळून विचारलं की वहिनी, त्या दिवशी तुम्हीही ते कागदावर पाहिलंत का.

"न्हाय," कुशाबाई म्हणाल्या. "म्या एकदाबी बघितलं न्हाय. यांनी कवा बोलिवलंच न्हाय."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं. हिंदुरावांनी आठवून पाहिलं. साडेपाच-सहा हजार दिवस त्यांनी किती म्हणून विचारलं होतं. ये, बघ, असं एकदाही म्हटलं नव्हतं. श्रीपाद सर, कारखान्यातले सोबती, शाळेतली पोरं, कुणाकुणाला त्यांनी तो सूर्य दाखवला होता. ज्या बाईच्या तोंडच्या वेळेवर एकतीस वह्या उभ्या होत्या, तिला सोडून. त्यांनी मान खाली घातली. एक सांधा चुकला की सगळे कापणारा माणूस, हा सांधा त्याला बावीस वर्षं दिसला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला त्यांनी माळ्यावरून दुर्बीण उतरवली, स्टँड अंगणात मांडला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. कुशाबाईंनी सवयीनं घड्याळाकडे मान वळवली.

"वेळ नगं," हिंदुराव म्हणाले. "तू ये."

दूध तापत ठेवलं होतं. त्यांनी शेगडी बंद केली आणि बाहेर आल्या. पांढऱ्या कागदावर सूर्य पडला होता, गोल, शांत, कडेला किंचित मंद, आणि त्याच्या अंगावर बारीक डाग. कुशाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, देवळात करतात तसा. थोडा वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांनी हात पुढं करून कागदाच्या वर धरला, आणि सूर्य त्यांच्या तळहातावर आला, भाकरी थापून घट्टे पडलेल्या त्या हातावर, सगळ्या डागांसकट. चटका बसत नव्हता. त्यांनी बोटं हळूच मिटून पाहिली आणि परत उघडली.

"ह्यो आट मिनटांमागचा हाय न्हवं?" त्यांनी विचारलं. "मग आत्ता, ह्या घडीला, तितं काय चाललं असंल?"

बावीस वर्षांत हा प्रश्न हिंदुरावांना पडला नव्हता. त्यांनी नेहमी मागं मोजलं होतं, पुढं कधी नाही. त्यांनी पेन्सिल ठेवून दिली.

"ते कळायला हितंच थांबावं लागंल," ते म्हणाले. "आट मिनटं."

कुशाबाईंनी हात मागं घेतला नाही. दोघंही तिथंच उभे राहिले.